चाकणला गुरुवारी जाऊ नका

"मामा, येताना कांदे आण," अनघा फोनवर म्हणाली. "लहान हवेत, साधारण एका मापाचे. मोड आलेले नकोत. आणि मोड येऊ नयेत म्हणून औषध मारलेले तर अजिबात नकोत."

"किती जणांची भजी करताय?"

"भजी नाही रे. प्रयोग."

असा माझा या वर्षीचा मे महिन्यातला प्रवास ठरला. एरवी मी उन्हाळ्यात कुठल्यातरी थंड गावी जातो आणि परत आल्यावर इथे लिहितो. या वेळी डिकीत कांद्याची अर्धी गोणी टाकून नाशिकहून चाकणला गेलो. राग उतरल्यावर लिहू म्हणून बरेच दिवस थांबलो. उतरला नाही, तेव्हा आहे तसं लिहितो.

अनघा माझ्या बहिणीची मुलगी. नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चाकणच्या बाजूच्या एका कॉलेजात पर्यावरण विषशास्त्राचं संशोधन शिकायला तिची निवड झाली होती. 'विष' हा शब्द ऐकल्यावर माझ्या बहिणीने रोज दोनदा फोन सुरू केले. कारखान्यांजवळच्या ओढ्याचं पाणी आणायचं आणि ते सजीवांना किती बाधतं ते तपासायचं, असा तो प्रकल्प. तपासणीचा सगळ्यात साधा मार्ग कांदा. वरची वाळकी सालं काढून कांद्याचं बूड पाण्याला टेकवून ठेवायचं. पाणी चांगलं असेल तर तीन-चार दिवसांत खाली पांढऱ्याशुभ्र मुळांची दाढी लोंबायला लागते. वाईट असेल तर मुळं खुंटतात, तपकिरी पडतात, वाकडी होतात. नाशिककराला यापेक्षा जवळचं विज्ञान कुठलं असणार? मी फारच खुशीत निघालो होतो.

बुधवारी पहाटे निघालो. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा हा रस्ता आता चांगला आहे. नारायणगावला मिसळ खाल्ली. मालकाला तर्री कमी सांगितली तर त्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. राजगुरुनगर सोडेपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि चाकणच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर, मध्ये माझी गाडी आणि माझ्या गाडीला खेटून रिक्षा.

"काका, बुधवारी आलात व्हय चाकणला?" रिक्षावाला हसला. "उद्या यायचं. उद्या रस्त्यावर क्रिकेट खेळता येतं."

मला हे माहीत असायला हवं होतं. माझ्या ब्लॉगचे जुने वाचक हसतील, कारण किल्ला आणि देवळं बघायला चाकणला आलो होतो तेव्हा मीच ठळक अक्षरांत सल्ला दिला होता: चाकणला गुरुवारी जा. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, या सगळ्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी ट्रक नसतात, धूर कमी, रस्ते मोकळे. तो माझा सर्वांत जास्त वाचला गेलेला सल्ला आहे.

अनघाची खोली तळवड्यात, आयटी पार्कच्या मागच्या गल्लीत. खाली वेल्डिंगचं दुकान, वर मुलींसाठी भाड्याच्या खोल्या. मुलीला असं कुठे पाठवणाऱ्या आईवडिलांसाठी सांगतो: खोली बरी आहे, पाणी सकाळी येतं, मेस घरगुती आहे, भाजी तिखट. कॉलेजला जायला मोशी-कुरुळीमार्गे बस बदलावी लागते आणि संध्याकाळी परतताना शिफ्ट सुटायच्या वेळेला सापडलात तर देवच वाली. या प्रकल्पांची निवड हिवाळ्यातच होते. प्राध्यापकांना स्वतः पत्र लिहावं लागतं. विचारायचे प्रश्न मात्र मी शेवटी सांगणार आहे, कारण ते मला तेव्हा सुचले नव्हते.

प्रयोगशाळेत अनघाचा जोडीदार भेटला. बालाजी, लातूरकडचा. गोणी उघडून त्याने एक कांदा नाकाशी धरला.

"मामा, लै झ्याक कांदे हायती बगा. ह्येंला असं पाण्यात बसवायचं म्हंजी पापच की."

"तू सोल, बोलू नकोस," अनघा म्हणाली.

त्यांचे सरही भेटले. पन्नाशीचे, शांत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी प्रवासाबद्दल लिहितो म्हटल्यावर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी नमुने घ्यायला बरोबर यायला सांगितलं. "लिहा, जरूर लिहा. कॉलेजचं नाव टाका." ते नाव मी टाकणार नाही. गावाचंही नाही. गावाने काही केलेलं नाही आणि माझ्या भाचीला अजून त्या कॉलेजला सामोरं जायचं आहे.

गुरुवारी सकाळी एका कंपनीची पांढरी व्हॅन आली. कामाच्या दिवशी ती कामगारांना नेते, गुरुवारी रिकामी असते म्हणून कॉलेजला मिळते. याच कंपनीचा आणि आसपासच्या काही कारखान्यांचा या उन्हाळी प्रकल्पाला आधार आहे, मुलांचा खर्चही तेच देतात. रस्ते खरोखर क्रिकेट खेळण्यासारखे होते. वाटेत अनघाने सांगितलं की ओढ्याकाठच्या गावाने पाण्याबद्दल ग्रामपंचायतीत तक्रार केली आहे. कारखानेवाल्यांचं उत्तर असं, की कॉलेज तपासणी करतंय, अहवाल येऊ दे, तो आम्ही मान्य करू.

"म्हणजे तुमच्या कांद्यांवर गावाचा निकाल?" मी विचारलं.

"माझा पण," ती म्हणाली. "सरांनी शिफारसपत्र दिलं तर पुढच्या वर्षी मोठ्या संस्थेत अर्ज करता येईल. त्यांच्या शब्दाला वजन आहे."

ओढा मला आवडला, हे लाजत कबूल करतो. बाभळी, दगडांमधून वाहणारं बोटभर पाणी, एक बगळा. वास होता, पण गटारापेक्षा कमी. अनघा आणि बालाजी हातमोजे घालून बाटल्या भरत होते, मी फोटो काढत होतो. चार फोटो काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मला बगळ्याच्या पंखांचा आवाज ऐकू येतोय. पलीकडे पत्र्याच्या शेडांची रांगच्या रांग होती, आणि पंखांचा आवाज ऐकू येत होता.

माझे वडील चिंचवडला एका कंपनीत टर्नर होते. आमच्या घरात रविवार शाळेचा होता आणि गुरुवार वडिलांचा. शिवाय आईचा उपासही गुरुवारचाच, त्यामुळे माझे वडील आयुष्यभर सुट्टीच्या दिवशी साबुदाणा खात आले आणि मटण कायम कामाच्या दिवशी, घाईत. त्या एका दिवशी आमच्या गल्लीत हा असाच सन्नाटा असायचा. आम्ही मुलं त्याला 'गुरुवारचा आवाज' म्हणायचो.

"अनघा, मागचे नमुने कुठल्या वारी घेतले?"

"गुरुवारी. दर गुरुवारीच. का?"

मी मान पलीकडे वळवली. तिने शेडांकडे बघितलं, मग हातातल्या बाटलीकडे. नाशिकच्या मुलीला गुरुवार म्हणजे फक्त गुरुवार. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर या पट्ट्यात वाढलेला, त्याच व्हॅनमध्ये बसून 'वा, काय मोकळा रस्ता' म्हणत आलो होतो.

परत आल्यावर चहाच्या वेळी मी सरांना विचारलं. शक्य तितक्या नम्रपणे विचारलं. मला वाटत होतं ते कपाळावर हात मारतील.

"माहीत आहे की," सर म्हणाले. "मी वीस वर्षं इथे राहतो."

"मग?"

"मग काय? गाडी गुरुवारी मिळते. कामाच्या दिवशी कंटेनरच्या रांगांमधून पोरांना नेऊ? मागे एकदा नेली होती. एका शेडच्या वॉचमनने पोरांच्या बाटल्या फेकून दिल्या, मुलींना नको ते बोलला. दुसऱ्या दिवशी पालकांचे फोन. 'आमच्या मुलीला कुठे पाठवलंत?' तुमच्या भगिनींचा तर पहिल्याच आठवड्यात आला होता."

हे खरं होतं. फोन करताना बहिणीच्या शेजारी मीच बसलो होतो.

"पण सर, सुट्टीच्या दिवशी ओढा स्वच्छच असणार."

"स्वच्छ आहे असं आपण म्हणतच नाही. अमुक तारखेला घेतलेल्या नमुन्यात अमुक आढळलं, एवढंच म्हणतो. त्यात खोटं काय आहे, दाखवा."

मी शोधलं. तेव्हाही शोधलं आणि आजही शोधतो. एक अक्षर खोटं नव्हतं. मला तिथे आला तसा राग फार वर्षांत आला नाही. चोर चोरी करताना सापडला की राग कुठे ठेवायचा ते कळतं. हा माणूस तर बिस्किट चहात बुडवून, ते मऊ पडायच्या आत नीट खाऊन मला समजावत होता. "मुलांना सर्टिफिकेट हवं असतं," ते म्हणाले, "आणि मला पुढच्या वर्षी पुन्हा मुलं हवी असतात. हा आधार गेला तर या भागात एकही पोरगं पाण्याची बाटली हातात धरणार नाही. तेवढं तरी चालू आहे, ते चालू द्या."

अनघा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

तळवड्याला जाताना ती माझ्यावरच भडकली. "तू का बोललास? तू दोन दिवसांत नाशिकला जाशील. मला इथे राहायचंय. पत्र मला हवंय."

"मग गप्प बसायचं होतं का मी?"

"मला आधी सांगायचं होतंस. मी विचारलं असतं. माझा प्रकल्प आहे, मामा. तुझा ब्लॉग नाही."

मला राग कसला आला होता? त्या गावासाठी, की माझ्यासारख्या या पट्ट्यातल्या पोराला मामा बनवलं म्हणून? प्रामाणिकपणे सांगतो, अर्धा-अर्धा. गाडी उभी केल्यावर ती उतरली आणि परत येऊन खिडकीशी वाकली. मग म्हणाली, "उद्या सकाळी गाडी काढशील? बालाजीला पण घेऊ."

शुक्रवार. ज्या रस्त्यावर काल क्रिकेट खेळता आलं असतं तिथे कुरुळीपासून पुढे आम्ही पहिल्या गिअरमध्ये. बालाजी खिडकीतून प्रत्येक कंटेनरवरची पाटी मोठ्याने वाचत होता. ओढ्याच्या अलीकडेच काच वर घ्यावी लागली. डोळ्यांना चुरचुर आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव. शेडांमधून घरघर, ठोके, कुठेतरी हवा सुटल्याची लांब शिट्टी. बगळा नव्हता. कालच्याच दगडांवरून पिवळट हिरवं, फेसाळ पाणी जात होतं.

अनघा पाण्याकडे वाकणार एवढ्यात वरच्या बांधावरून आवाज आला.

"कोन हाय रं तिथं? कंपनीची मानसं का?"

डोक्यावर पदर, हातात खुरपं. शेवंताबाई. पुढे कळलं की तक्रारीच्या अर्जावर पहिला अंगठा यांच्या सासऱ्यांचा आणि पहिली सही यांची.

"कॉलेजची पोरं आहोत," अनघा म्हणाली.

"कालची गाडी तुमचीच का? पांढरी?" त्या खाली उतरल्या. "दर गुरवारी येती. लांबनं बगते मी. म्हनलं सुट्टीचं फिराया येत असत्याल पावनं. बगळं बगाया."

बालाजी फिसकन हसला आणि लगेच हातमोजे चढवायला लागला.

"आमी ह्येच पानी कोथमिरीला देत व्हतो," त्या म्हणाल्या. "आता न्हाई देत. विहिरीला बी वास हाय. पंचायतीत म्हनत्यात, कालिजचा कागद येऊ द्या. मंग पोरी, काय हाय तुज्या कागदात?"

अनघाने माझ्याकडे बघितलं नाही. "अजून पूर्ण नाही झालं, काकू."

"व्हय का? मंग पुरं कर. अर्दं नगं ठिवू." आणि त्यांनीच खुरप्याने काठावरचा दगड सरकवून तिला पाय ठेवायला जागा करून दिली. "हितं उभी ऱ्हा. घसरशील. अंगाला लावू नगंस त्ये."

वॉचमन आला, हे सांगायला हवं. सर चूक नव्हते. त्याने काठी आपटली, गाडीच्या नंबरचा फोटो काढला. शेवंताबाईंनी शिव्यांना त्याच्या आईवरून सुरुवात करून त्या त्याच्या साहेबांपर्यंत नेल्या. तो निघून गेला. दर वेळी शेवंताबाई असणार नाहीत, हेही मला कळतं.

कांदे बसवले. गुरुवारच्या पाण्यावर काही, शुक्रवारच्या पाण्यावर काही, काही नुसत्या स्वच्छ पाण्यावर. मी मुक्काम वाढवला. सोमवारी सकाळी बालाजीने मला हाताला धरून आत नेलं. स्वच्छ पाण्यावरच्या कांद्यांना लांब दाढ्या आल्या होत्या. गुरुवारच्यांना थोड्या आखूड, पण पांढऱ्या. शुक्रवारचे कांदे बुडाशी काळपट पडले होते. मुळं म्हणजे गंजलेल्या टाचण्या. माझ्या गोणीतले, नाशिकच्या त्याच वाफ्यातले कांदे. मला ते बघवलं नाही. कांद्यासाठी माणूस एवढा हळवा होतो हे मला माहीत नव्हतं.

"एका शुक्रवारवरून काहीच सिद्ध होत नाही," अनघा म्हणाली. मी तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "खरंच होत नाही, मामा. कुणीही विचारेल. पुन्हा घ्यावे लागतील."

सरांनी शुक्रवारची मोजमापं बघितली, बारकाईने बघितली, आणि कागद परत दिला. मंजूर आराखड्यात गुरुवारच आहेत, म्हणाले. बाहेरची मोजमापं अहवालात येणार नाहीत. मी खाली पार्किंगमध्ये उभा होतो, माझ्या मते सभ्य माणसाने वर जाऊन ओरडावं अशी वेळ होती. अनघाने मला जाऊ दिलं नाही. परतीच्या रस्त्यावर मंचरला थांबून मी कॉलेजच्या नावानिशी, सरांच्या नावानिशी एक पोस्ट लिहिली आणि तिला पाठवली. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: "हे टाकलंस तर ते म्हणतील मामाने भांडण केलं, आणि पाणी राहील बाजूला." पोस्ट पुसली. घरापर्यंत स्टिअरिंगवर बुक्के मारत आलो.

अनघा आणि बालाजी पुढचे आठवडे कामाच्या दिवशी बसने जात राहिले, शेवंताबाईंना आधी फोन करून. ती मोजमापं त्यांच्याकडे आहेत. अहवालात नाहीत. अहवाल सरांनी तपासला, आराखड्याप्रमाणेच होता. अनघाने त्यात फक्त एक भर घातली होती. प्रत्येक तारखेपुढे वार लिहिला होता. वार लिहायला हरकत कोण घेणार? खोटं काय आहे, दाखवा.

शेवटच्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये सादरीकरण झालं. समोर कारखान्यांचे पाहुणे, मागच्या रांगेत गावातले चार लोक. पुढचं मला बालाजीने फोनवर सांगितलं, हसू आवरत. अनघाने पडद्यावरचा तक्ता दाखवून वाचायला सुरुवात केली. पहिला नमुना, गुरुवार. दुसरा नमुना, गुरुवार. तिसरा नमुना, गुरुवार. चौथ्याला तिच्याआधी मागून शेवंताबाईंचाच आवाज आला, "गुरवार!" आणि हॉलमधले शिपाई, क्लार्क, व्हॅनचा ड्रायव्हर, जे जे या पट्ट्यात राहतात ते सगळे हसले. मग शेवंताबाई उठून उभ्या राहिल्या.

"पोरी, कंपनीच्या सुट्टीचं पानी बगितलं. आता कामाच्या पान्याचं सांग की."

समोरच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी सरांना विचारलं, कामाच्या दिवसांचे नमुने नाहीत का? सर काही बोलायच्या आत अनघा म्हणाली, "आहेत. अहवालात नाहीत."

तिला सर्टिफिकेट मिळालं. शिफारसपत्र मिळालं नाही. 'पुढे बघू,' असं सर म्हणाले, म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना कळतं. पंचायतीने कॉलेजचा अहवाल अपुरा म्हणून बाजूला ठेवला आहे, तक्रार बंद केलेली नाही. ओढा आहे तसाच वाहतोय. जिंकल्यासारखं मला काही वाटत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला खरं बोलण्यासाठी एक शब्द चोरून आत न्यावा लागतो, आणि आपण मोठी माणसं तिच्या हुशारीचं कौतुक करतो, याचाच मला जास्त संताप येतो. अनघाला विचारलं, पत्राचं वाईट वाटतं का? "वाटतं," ती म्हणाली. "तू विचारू नकोस ना रोज."

मुलांना अशा प्रकल्पाला जरूर पाठवा. अनघा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कुठेतरी जाणारच आहे. फक्त खोली, मेस, बस यांच्याआधी दोन गोष्टी विचारा: खर्च कोण देतं, आणि पाणी कुठल्या वारी घेतात. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस थांबला तर समजून घ्या.

गोणीतले उरलेले कांदे आम्ही खातोय. आणि माझा तो जुना सल्ला मी काल दुरुस्त केला. किल्ला बघायचा असेल तर चाकणला गुरुवारी जा. चाकण बघायचं असेल तर गुरुवार सोडून कुठल्याही वारी.